पलीकडच्या काठाचं विरजण

टाकीवाल्या बाईंना आपल्या नाकाचा भारी अभिमान होता. नदीकाठच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या त्या प्रमुख. पण एवढं लांबलचक नाव घ्यायला गावात वेळ कुणाला होता? म्हणून त्या टाकीवाल्या बाई. रसायनशास्त्र शिकलेल्या, सायकलवाल्याची बायको आणि जुन्या नावाड्याची सून. गावातल्या मोऱ्या, संडास, न्हाणीघरं, परटिणीची भट्टी आणि डेअरीतली यंत्रं, सगळ्यांचं पाणी जमिनीखालच्या नळांतून त्यांच्या दारात येऊन पडायचं, आणि त्या ते निवळून, निर्मळ करून नदीत सोडायच्या. सकाळी फाटक उघडलं की कुठलंही यंत्र बघायच्या आधी त्या नाक वर करून दीर्घ श्वास घ्यायच्या. ओल्या मातीचा वास आला, की पुढचा दिवस बरा जाणार.

हा मातीचा वास मधल्या मोठ्या गोल टाकीचा. तीत पंपाने अहोरात्र हवा सोडलेली असायची आणि चॉकलेटी रंगाचं पाणी खदखदत असायचं. त्या पाण्यातल्या गाळात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव होते. घाण हेच त्यांचं जेवण. बाई त्यांना 'माझी माणसं' म्हणायच्या. "मी काय करते? वाढते आणि हवा घालते. काम सगळं माझी माणसं करतात," असं पाहुण्यांना सांगताना त्यांचा चेहरा मात्र असा फुललेला असायचा, की त्यांनी काही केलं नाही यावर कुणाचा विश्वास बसू नये.

केंद्र उभं राहण्याआधी गावाची सगळी घाण सरळ नदीत जायची. नदीला तिथे मोठं वळण होतं, त्यामुळे इकडून सोडलेलं सगळं वाहत जाऊन नेमकं पलीकडच्या गावाच्या काठाला लागायचं. पलीकडच्यांचं शुद्धीकरण केंद्र आधीपासूनचं, त्यामुळे त्यांचा जास्तच जळफळाट व्हायचा. शेवटी त्यांनी आपल्या धक्क्यावर, इकडे तोंड करून, मोठ्या अक्षरांत फलक लावला होता: 'अलीकडच्यांनो, तुमचं तुमच्यापाशी ठेवा.' बाईंचे सासरे तेव्हा दोन्ही काठांमध्ये नाव चालवायचे. तो फलक वाचला त्या दिवशी त्यांनी पलीकडच्या मातीला पाय न लावण्याची शपथ घेतली होती. पुढे केंद्र झालं, पाणी निवळलं, फलकही काढला गेला. पण दोन गावांचं जे फाटलं होतं, ते काही शिवलं गेलं नाही.

एके दिवशी बाईंनी फाटक उघडलं आणि नाक वर केलं, तर मातीचा वास नाही. साबणासारखा, घशाला झोंबणारा वास. त्या धावतच गोल टाकीच्या जिन्यावर चढल्या. टाकीभर पांढरा फेस चढला होता आणि खालचं चॉकलेटी पाणी राखेसारखं फिकट पडलं होतं. तपासणीची कागदी पट्टी बुडवली, ती गडद निळी होऊन बाहेर आली. म्हणजे जबर क्षार. थेंबभर पाणी काचेवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. एरवी तिथे गडबड चाललेली असायची. देठावर डोलणारे घंटेच्या आकाराचे जीव असायचे, चाकासारखे गरगरणारे असायचे, उगाचच इकडून तिकडे पळणारे असायचे. आज काहीच हलत नव्हतं.

बाई स्टुलावर बसल्या. रडू आलं नाही, राग आला. मग तो राग तसाच गिळून त्या उठल्या आणि आधी नदीकडे पाणी सोडणारी झडप स्वतःच्या हाताने घट्ट आवळली. गावातून येणारं पाणी त्यांनी मागच्या तळ्याकडे वळवलं. अडीअडचणीला असावं म्हणून त्यांनीच भांडून भांडून ते तळं बांधून घेतलं होतं. ते भरेपर्यंत आठवडाभर तरी निभावणार होतं. त्यानंतर काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

एवढा क्षार गावात एकाच ठिकाणी वापरला जात होता. डेअरीत. आणि डेअरीतली यंत्रं धुण्याचं खातं होतं त्यांच्या सख्ख्या दिराकडे.

दीर डेअरीच्या मागच्या दारातच भेटला. वहिनीच्या पायांतले बूट आणि चेहरा बघूनच त्याने काय ते ओळखलं असावं.

"भाऊजी, काल यंत्रं धुतलेलं पाणी कुठं सोडलंत?"

"गटारात," तो म्हणाला. "क्षार मारायची टाकी फुटली, वहिनी. दूध येऊन खोळंबलं होतं. म्हटलं, एवढ्या मोठ्या गावाच्या पाण्यात काय कळणार आहे."

"मला कळलं."

बाईंनी आवाजही चढवला नाही. निरोप धाडला असतात तर मी ते पाणी वेगळं साठवून घेतलं असतं, एवढंच त्या म्हणाल्या. दिराला शिव्या चालल्या असत्या, पण हे वाक्य वर्मी लागलं. तासाभरात तो डेअरीतल्या आम्लाचे कॅन घेऊन केंद्रावर हजर झाला. क्षाराला उतारा आम्लाचाच. वहिनी सांगेल तसं, थोडं थोडं, तो संध्याकाळपर्यंत टाकीत ओतत राहिला. पट्टी निळ्यावरून हिरव्यावर आली. पाणी सुधारलं होतं, पण त्यातली माणसं गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावसभा भरली. दीर सगळ्यात आधी उभा राहिला आणि झाला प्रकार त्याने आडपडदा न ठेवता सांगितला. चूक डेअरीची, आणि डेअरीत ती आपल्या सांगण्यावरून झाली, असं म्हणून तो खाली बसला. त्याला चार शब्द ऐकवायला टपलेल्यांची त्यामुळे पंचाईतच झाली. मग बाईंनी सांगितलं की आपण सांगणार नाही तोवर कुणी कपडे धुवायचे नाहीत, अंघोळी तांब्या-दोन तांब्यांत उरकायच्या, नळ वाहते ठेवायचे नाहीत. तळं जितकं हळू भरेल तितकं बरं.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, एवढा जिवाचा आटापिटा कशाला, चार दिवस सोडा नदीत, पूर्वी सोडतच होतो की.

दोन-चार माना हलल्याही. सूचना वाईट असली तरी सोपी होती. तेवढ्यात परटीण उठली. धुणं बंद म्हणजे सगळ्यात आधी तिचीच भट्टी बंद. ती म्हणाली, "माझं दुकान आजपासून बंद. नाकाला रुमाल लावून नदीकडे बघायचे दिवस मी पाहिलेत. पुन्हा नाही बघायची." आणि ती अशी काही सगळ्यांकडे वळून बघत उभी राहिली, की मागच्या रांगेतला माणूस आपल्या चपला नीट करू लागला.

गावच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, टाकी आपली आपण जिवंत व्हायला किती दिवस लागतील? बाई म्हणाल्या, महिना तरी. एवढे दिवस तळं पुरणार नाही. एकच मार्ग आहे, विरजण लावायचं. चालू टाकीतला जिवंत गाळ आणून आपल्या टाकीत सोडायचा, म्हणजे तो वाढत जाऊन टाकी लागते. आणि असा गाळ सगळ्यात जवळ कुठे मिळेल, हे त्यांनी सांगायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना आपसूक नदीकडे वळल्या.

"म्हणजे त्यांची घाण आपण मागून आणायची?" सभेत कुणीतरी म्हणालं आणि हसू फुटलं. बाईही हसल्या. पण दुपारच्या लाँचने त्या एकट्याच पलीकडे गेल्या.

पलीकडचे केंद्रप्रमुख निवृत्तीला आलेले, उंच आणि तुटक बोलणारे गृहस्थ होते. एका प्रशिक्षणात दोघं शेजारी बसले होते, आणि तीन दिवसांत एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. घरच्याच माणसाच्या हातून झालं हेही लपवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुमच्याकडे मागायला यावं लागलं, हे मला आवडलेलं नाही."

"मला आवडलंय," ते म्हणाले. "कित्येक वर्षं वाट बघत होतो." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "नदीकडची झडप?"

"बंद केली. दिसलं त्या क्षणी."

"थेंबसुद्धा नाही सोडलात?"

"थेंबसुद्धा नाही. तुम्ही आज पाणी तपासलंच असेल."

तपासलं होतं, हे त्यांनी कबूल केलं नाही. ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि म्हणाले, "चला. चांगला दाट गाळ खालच्या टाकीत बसलाय. नेणार कसा, ते सांगा."

खरी मेख तिथेच होती. लाँच उतारूंपुरती, तिच्यात गाळाची पिंपं मावली नसती, आणि पूल नदीच्या वरच्या अंगाला कुठल्या कुठे होता. त्या वाटेने वळसा घेऊन टँकर यायचा तर अर्धा दिवस जाणार, आणि बंद टँकरमध्ये हवेवाचून गाळ वाटेतच गुदमरणार. बाई खिडकीतून नदी बघत राहिल्या. समोर, पाण्यापलीकडे, आपल्याच गावचा धक्का दिसत होता. आणि धक्क्याला बांधलेली, डांबर फासून काळीभोर ठेवलेली सासऱ्यांची रुंद नाव. ते थकल्यापासून ती कामाला नव्हती, तरी दर वर्षी तिला डांबर लावल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

संध्याकाळी घरी जेवणं झाली आणि त्यांनी सासऱ्यांपुढे विषय काढला.

"त्या काठाला?" सासरे म्हणाले.

"हो, बाबा."

ते हाताच्या तळव्यांकडे बघू लागले. दीर मान खाली घालून बसला होता. सायकलवाल्याने, म्हणजे बाईंच्या नवऱ्याने, वडिलांकडे बघायचं टाळून पाण्याचा पेला उगाचच दोनदा इकडचा तिकडे केला.

"नाव जाईल," शेवटी सासरे म्हणाले. "मी उतरायचो नाही."

पुढचा दिवस गावाने ज्या कामात घालवला ते काम आधी कुणी केलं नसेल. दिराने डेअरीतली रिकामी पिंपं धुऊन आणली. पण पिंपातल्या गाळाला नदी पार होईपर्यंत हवा कोण घालणार? हा प्रश्न बाईंनी नवऱ्यापुढे टाकला, तेव्हा तो उठून आपल्या सायकलच्या दुकानात गेला. ट्यूबांना छिद्रं पाडून, त्यांना बूड जड व्हावं म्हणून नटबोल्ट बांधून, दुसऱ्या टोकाला हवा भरायचे पंप जोडून त्याने एकेका पिंपासाठी एकेक जोडणी तयार केली. ट्यूब पिंपाच्या तळाशी सोडायची आणि वरून पंप मारत राहायचा. दुकानातले पंप पुरले नाहीत, तसे घराघरांतून आले. कुणाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला, कुणाचा गंजलेला, कुणाचा मूठ तुटलेला. दुपारपर्यंत त्याने सगळे हवा मारणारे करून दिले.

नाव निघाली तेव्हा वल्ह्यावर सासरे होते आणि मदतीला दोघे जुने गडी. पिंपांशेजारी पंप घेऊन बसले होते न्हावी, शाळेतल्या बाई, परटीण आणि खुद्द अध्यक्षीणबाई. पलीकडच्या धक्क्यावर ही एवढी माणसं जमली होती. अलीकडचे आपली घाण मागायला येतायत, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली होती, आणि एवढा मजेचा प्रसंग घरी बसून कोण घालवेल? नाव टेकली. केंद्रप्रमुखांच्या माणसांनी गाळ पिंपांत ओतला आणि त्याबरोबर इकडच्यांनी पंप मारायला सुरुवात केली. फुसफुस, फुसफुस. अध्यक्षीणबाई बाह्या दुमडून, घामाने डबडबून, एका चॉकलेटी पिंपात जीव तोडून हवा भरत होत्या. धक्क्यावर आधी एकजण हसला, मग दहाजण. टाकीवाल्या बाईंना वाटलं, झालं, आता हे गावजेवणात वर्षभर सांगत बसणार. पण तेवढ्यात हसणाऱ्यांपैकीच एक जाडजूड बेकरीवाला चपला काढून नावेत चढला. "तुम्ही दमलात, सरका," असं अध्यक्षीणबाईंना म्हणून त्याने पंपाची मूठ हातात घेतली. परत येताना नावेत निम्मी माणसं पलीकडची होती.

सासऱ्यांनी शपथ मोडली नाही. प्रत्येक खेपेला नाव काठाला टेकवायची आणि वल्हं धरून आतच उभं राहायचं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला पलीकडच्या एका म्हातारीने त्यांना नावेतच चहा आणून दिला. उतरत का नाहीत, असं तिने विचारलं नाही. चहा घेऊन त्यांनी कप परत केला आणि साखर थोडी कमी चालते, एवढं सांगितलं. पुढच्या खेपेला साखर कमी होती.

शेवटच्या खेपेला वारा उठला. नाव मधल्या धारेत आली आणि एकदम कलली. एक भरलेलं पिंप दोरातून निसटून काठाच्या फळीकडे घसरू लागलं. दीर जवळ होता. त्याने मागचापुढचा विचार न करता पिंपाला पाठ लावली आणि पाय रोवून उभा राहिला. पिंप थांबलं, पण झाकण उडालं आणि वरचा गाळ त्याच्या डोक्यावरून खाली ओघळला. सासऱ्यांनी वल्हं पाण्यात खोल दाबून नावेचं तोंड लाटेला दिलं. एकदा, दोनदा नाव उसळली, मग सरळ झाली. टोकाला बसलेल्या बाईंनी मान लांब करून विचारलं:

"भाऊजी, पिंपात किती राहिलं?"

डोळ्यांवरचा गाळ पुसत दिराने पिंपात डोकावून बघितलं. "अर्ध्याच्या वर आहे, वहिनी."

"मग ठीक आहे. पंप चालू ठेवा."

यावर आधी सासरे हसले. डेअरीत तो प्रकार झाल्यापासून ते धाकट्या मुलाशी बोललेले नव्हते. आता हसता हसता ते त्याला म्हणाले, अंघोळीला आज तुला तीन तांबे माफ. नावेत पंप मारणाऱ्यांचे हात हसण्याने थांबले आणि बाईंना पुन्हा सगळ्यांना दटावावं लागलं.

गाळ टाकीत गेला. त्यावर बाई गावाचं पाणी अगदी बेताबेताने सोडू लागल्या, नुकत्याच आजारातून उठलेल्याला पेज द्यावी तसं. रोज सकाळी थेंब काचेवर घेऊन बघत. सुरुवातीला जे आले होते तेही मलूल दिसत. तळ्याची पातळी चढत चालली होती. गावात मळक्या कपड्यांचे ढीग साठले होते. शाळेत मुलं कालचेच कपडे घालून येत, आणि ज्याचे कपडे जास्त मळलेले तो जास्त भाव खाऊन जायचा. बाई कुठेही गेल्या तरी लोक त्यांच्या तोंडाकडे बघत. कुणी विचारत नसे. ते न विचारणं त्यांना विचारण्यापेक्षा जड जायचं.

मग एके सकाळी त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गाळाच्या एका गोळ्याला देठ फुटला होता, देठावर घंटा होती, आणि ती घंटा मिटली, पुन्हा उघडली. बाईंनी श्वास रोखला. शेजारी आणखी एक. मग चाकवाला एक गरगरत दृष्टीसमोरून निघून गेला. नवरा डबा द्यायला आला होता, त्याला त्यांनी दंडाला धरून स्टुलावर बसवलं.

त्याने डोळा लावला, बराच वेळ बघितलं. "हे हलतंय ते?"

"हो."

"कामावर आलेत वाटतं," तो म्हणाला. एवढंच. पण डबा न देताच, तसाच हातात घेऊन तो परत निघाला होता, हे फाटकापाशी गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

झडप उघडायच्या दिवशी पलीकडचे केंद्रप्रमुख स्वतः आले. शेवटच्या टाकीतलं पाणी बाईंनी काचेच्या बरणीत भरून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बरणी उन्हात धरली, फिरवली, नाकाशी नेली. तिच्यातून त्यांना पलीकडचा स्वतःचा धक्का स्वच्छ दिसत होता.

"ठीक आहे," ते म्हणाले. त्या व्यवसायात याहून मोठी शाबासकी नसते, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग जरा थांबून म्हणाले, "गाळ आमचा आहे, विसरू नका."

"विरजण तुमचं," बाई म्हणाल्या, "दही आमचं."

ते पहिल्यांदाच मनापासून हसले. मग झडप उघडून दोघं काठावर उभे राहिले. पाणी नदीत मिसळत होतं, आणि कुठे मिसळतंय ते शोधूनही सापडत नव्हतं.

दिराने डेअरीत नवी टाकी बांधून घेतली, एक बिघडली तर दुसरी असावी अशी दुहेरी. तिच्यापुढची झडप वहिनीला विचारल्याशिवाय उघडायची नाही, असा नियम त्याने आपल्या माणसांना आपणहून घालून दिला.

धुणं करायला हरकत नाही, हे बाईंनी दुपारी भोंग्यावरून सांगितलं आणि संध्याकाळी त्या घरी निघाल्या. रोजचा रस्ता त्यांना ओळखू येईना. या टोकापासून त्या टोकापर्यंत, खिडक्यांतून, गच्च्यांवरून, दोन घरांच्या मध्ये बांधलेल्या दोऱ्यांवरून सगळ्या गावाचे कपडे वाळत पडले होते. चादरी, सदरे, झबली, पडदे, शाळेचे गणवेश. परटिणीच्या भट्टीतून वाफ निघत होती आणि ती दारात उभी राहून कुणाला तरी, रांगेत या, म्हणून खडसावत होती. ओल्या कपड्यांखालून वाकून जाताना बाईंच्या डोक्यावर टपटप थेंब पडत होते. लोक वाट देत होते. कुणी त्यांना थांबवून कौतुक केलं नाही, नुसते मान हलवत होते, आपल्या घरच्या माणसाला बघून हलवतात तशी.

घराशी आल्यावर त्या थबकल्या. त्यांचे कामाचे कपडे, ते डागाळलेले, कितीही धुतले तरी तसेच दिसणारे कपडे त्या आजवर मागच्या बाजूला, भिंतीच्या आड वाळत घालायच्या. ते आज पुढच्या दारात, रस्त्यावर, सगळ्यांत वरच्या दोरीवर होते. बाह्या नीट ताणून चिमटे लावलेले.

"हे कुणी घातले?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"बाबांनी," तो म्हणाला. "मी म्हटलं मागे घालू. ऐकेनात."